तीस इंचांचा डेक

माझा नवरा क्लॅरी जूनमध्ये गेला, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियात ऐन थंडीत. थंडीत गवत वाढत नाही, त्यामुळे पहिले तीन महिने मला गवताची आठवणसुद्धा झाली नाही. बाकी पुष्कळ गोष्टींची झाली. दर शनिवारी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात सहा अंडी असायची, ती बंद झाली. क्लॅरी ती कुणाकडून आणायचा हे मी कधी खोदून विचारलं नव्हतं. मी दुकानातली अंडी आणायला लागले.

मग सप्टेंबर लागला. ऊन आणि पाऊस आलटूनपालटून पडायला लागले आणि किकुयू उठलं. आमच्या गिप्सलँडमध्ये हे गवत वाढत नाही, चाल करून येतं. दोन आठवड्यांत ते मागच्या पायरीशी येऊन टेकलं. मॅगपाय पक्ष्यांची पिल्लं घरट्यात होती, त्यामुळे डोक्यावर झडप घालायला ते टपलेलेच. मी क्लॅरीची हॅट घालून शेडमध्ये गेले आणि त्याचा गवत कापायचा लाल मोअर बाहेर काढला. बसून चालवायचं यंत्र मला नवं नव्हतं. बाराव्या वर्षी मी वडिलांचा ट्रॅक्टर चालवून दुधाचे कॅन रस्त्यापर्यंत नेत असे. मोअर सुरू झाला, वीसएक फूट गेला, आणि चमच्यांचा अख्खा ड्रॉवर फरशीवर पालथा पडावा तसा आवाज करून थांबला.

"डेक गेला," केलीन गुडघ्यांवर बसून खाली बघत म्हणाली. केलीन म्हणजे गावातल्या मोअरच्या दुकानाची मालकीण. शाळेच्या कँटीनमध्ये मी तिला खिम्याचे पॅटिस वाढलेले आहेत, त्यामुळे चाळिशी उलटली तरी ती मला मिसेस ट्रँटरच म्हणते. "बघा, गंजून जाळी झालीय. आता याचा सुटा डेक मिळणार नाही."

डेक म्हणजे मोअरच्या पोटाखाली उपडी घातलेली लोखंडी परात. पाती तिच्या आत फिरतात. परात जेवढी रुंद, तेवढा गवताचा पट्टा एका फेरीत कापला जातो. हे मला त्या दिवशी केलीननं सांगितलं. त्या परातीवर बसणाऱ्या माणसाशी मी त्रेपन्न वर्षं संसार केला, पण तिची रुंदी मला माहीत नव्हती.

"तीस इंच," केलीन म्हणाली. "आणि हे काय? गवत बाहेर फेकायचं हे झाकण तारेनं वर बांधून ठेवलंय! मिस्टर ट्रँटरना काय झालं होतं? एखादा दगड उडाला असता म्हणजे?"

"त्याला तार बांधायला आवडायची," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

माझी मुलगी लिनेट मेलबर्नला असते. तिनं फ्रिजवर एक कागद चिकटवून ठेवला होता. शहरातल्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीतलं एक घर. दोन खोल्या, पुढे दगडी फरशी, गवताचं एक पातं नाही.

"आई, मी तुला घराबाहेर काढत नाहीये," ती फोनवर म्हणाली. "पण सव्वा एकर कोण सांभाळणार? उंच गवतात साप येतात. वणव्यांचे दिवस सुरू झाले की कौन्सिलचा माणूस नोटीस घेऊन उभा राहील."

"मी सांभाळीन."

"कशानं? शिवणाच्या कात्रीनं?"

"नवा मोअर घेणार आहे."

"आणि चालवणार कोण?"

"तुझा बाप वरून येईल चालवायला," मी म्हणाले. क्लॅरीला जाऊन चारच महिने झाले होते आणि असले विनोद अजून पचत नव्हते.

शेवटी ठरलं ते असं: ख्रिसमसला लिनेट येईल तेव्हा आवार माझ्या हातानं नीट ठेवलेलं असलं तर कागद फ्रिजवरून निघेल. नसलं तर जानेवारीत घर विकायला काढायचं. गवत कापायला माणूस लावायचा नाही. एक आठवडा येईल, दुसऱ्या आठवड्यात मासे पकडायला जाईल, असं ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

मला वाटलं होतं, दुकानात जायचं, मोअर दाखवायचा, घ्यायचा. पण केलीनच्या दुकानात रांगेनं यंत्रं उभी होती आणि प्रत्येकावर वेगळा आकडा. तीस, अडतीस, बेचाळीस, सेहेचाळीस, चोपन्न. माझी अवस्था चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलेल्या माणसासारखी झाली.

"आवार केवढं?" केलीननं विचारलं.

"सव्वा एकर."

"त्यातलं गवत किती? घर, शेड, भाजीचे वाफे सोडून?"

"एक एकर असेल."

"झाडं?"

"तेरा. नाही, चौदा. लिंबाचं धरून."

"फाटक?"

"पूर्वी दुधाची गाडी आत यायची. दहा फूट."

"मग फाटकाचा प्रश्नच नाही. जमीन सपाट आहे?"

"सेप्टिक टँकवर उंचवटा आहे. आणि जुन्या गोठ्याची जागा खचलीय."

केलीननं पेन्सिल कानामागे खोचली. "असं बघा. मोठा डेक म्हणजे फेऱ्या कमी, काम लवकर. पण रुंद परात उंचवट्यावरून जाताना टेकाडाची हजामत करते आणि खळग्यातलं गवत तसंच सोडते. झाडांमधूनही वळत नाही. लहान डेक सगळीकडे जातो, पण वेळ खातो."

"किती वेळ?"

"तुमच्या आवाराला? तीस इंचानं अडीच तास. बेचाळीसनं दीड."

"अडीच कसे असतील?" मी म्हणाले. "क्लॅरीला सगळा दिवस लागायचा. सकाळी आठला बसायचा तो चारला उतरायचा. मध्ये अर्धा तास सँडविच."

"तीस इंचानं? एक एकराला?"

"दर शनिवारी."

केलीननं पुन्हा पेन्सिल काढली, आकडे मांडले, खोडले. "मग मिसेस ट्रँटर, तुमचं आवार तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तिप्पट मोठं आहे."

घरी येऊन मी घराचे कागद काढले. सव्वा एकरच होतं. स्वयंपाकघरात बसून चहा केला, तो थंड झाला, दुसरा केला. साडेसात तासांतून अडीच गेले, राहिले पाच. हे पाच तास क्लॅरी कुठे असायचा? शनिवारी मी घरी नसायचेच. साडेनऊ ते तीन मी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात, एकतीस वर्षं. परत यायचे तेव्हा तो पुढचा पट्टा संपवत असायचा, मानेवर गवताचा भुसा, आणि म्हणायचा, "झालंच बघ." तो हळू चालवतो असं मी धरून चालले होते. लग्नाच्या वर्षी, एकोणसत्तर साली, आमच्याकडे हातानं ढकलायचा मोअर होता आणि तेव्हाही त्याला असाच दिवस लागायचा. मग बसायचा आला तरी दिवस तेवढाच. यात काही चुकतंय हे माझ्या कधी लक्षात कसं आलं नाही?

शेजारच्या डेस हॅनरहनला विचारायचं ठरवलं. डेस गावच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा बावीस वर्षं कप्तान होता. कुणाचं गवत किती वाढलंय हे तो रस्त्यावरून जाता जाता सांगायचा आणि त्याच्या तोंडाला लागायला लोक घाबरायचे. हल्ली तो फारसा बाहेर पडत नसे. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचा, मांडीवर रेडिओ.

"डेस, मी मोअर घेतेय. किती इंचांचा घेऊ?"

"सेहेचाळीस," तो ताडकन म्हणाला. "चोपन्न मिळाला तर चोपन्न. तुझ्या वयाला दिवसभर धक्के खायचेत का?"

"तू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहेस."

"म्हणूनच सांगतोय."

"क्लॅरीला तीस इंच पुरायचा."

"क्लॅरी खेळण्यातली गाडी चालवायचा. म्हणून तर दिवस जायचा त्याचा."

"केलीन म्हणते अडीच तासांचं काम आहे. मग बाकीचे पाच तास तो काय करायचा, डेस?"

डेसनं रेडिओचा आवाज वाढवला, मग कमी केला. "हळू होता गं तो. मॅगपायशी गप्पा मारत बसायचा. सेहेचाळीस घे, थेल, ऐक माझं."

मी घरी आले. आता माझ्यापाशी तीन सल्ले होते. डेसचा सेहेचाळीस, केलीनचा बेचाळीस, आणि लिनेटचा, की मोअरच नको. क्लॅरीचा तीसही होताच, पण तो काही बोलत नव्हता. रात्री अंथरुणात मी चौदा झाडं पुन्हा मोजली आणि पंधरा भरली.

केलीनला माझी दया आली असावी. म्हणाली, शनिवारी बेचाळीस इंची मोअर घरी आणते, स्वतः चालवून बघा, मग ठरवा. तिनं तो ट्रेलरवरून उतरवला, नारिंगी रंगाचा, चकचकीत. मला ब्रेक दाखवला, पाती चालू-बंद करायची कळ दाखवली आणि दुपारी न्यायला येते म्हणून गेली.

त्या दिवशी मी चर्चच्या दुकानातून सुट्टी घेतली होती. नऊला बसले. काय सांगू, मला मजा आली. पट्टे रुंद पडत होते, गवताचा वास येत होता, लहानपणी गोठ्यातून यायचा तसा. पण लिंबाच्या झाडाजवळ वळताना डेकचा कोपरा खोडाला लागला आणि साल निघाली. सेप्टिकच्या उंचवट्यावरून गेले तर गवत राहिलं बाजूला, मातीच उघडी पडली, पावाचा वरचा पापुद्रा काढावा तशी. गोठ्याच्या खळग्यात मात्र गवत ताठ उभं, जणू मी तिकडे गेलेच नव्हते. तरी साडेदहाला सगळं संपलं. मी फाटकाशी थांबून मागे पाहिलं. लिनेटला दाखवता येईल असं आवार होतं, दोन जखमा सोडल्या तर.

आणि साडेदहाच वाजले होते. साडेदहाला क्लॅरी काय करायचा?

यंत्र चालूच होतं. मी पाती बंद करून फाटकाबाहेर वळले. रस्त्याकडेचा गवताचा पट्टा आपापल्या घरासमोरचा आपण कापायचा असतो. क्लॅरी दोन्ही बाजूंचे चार-चार हात जास्त कापायचा, तेवढं सगळेच कापतात. पण त्या पट्ट्यात मला दोन रेषा दिसल्या. गवत तिथेही आलं होतं, पण विरळ. खालची माती चाकांनी वर्षानुवर्षं दाबून घट्ट झालेली. रेषा डेसच्या पुढच्या कुंपणापर्यंत गेल्या, कोपऱ्यावर वळल्या, आणि त्याचं घर आणि पाण्याची टाकी यांच्यामधल्या बोळात शिरल्या.

बोळाच्या तोंडाशी लाकडी फाटक होतं, उघडं. दोन्ही खांबांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर लाल रंग घासला गेला होता. आमच्या मोअरचा लाल.

मी विचार केला नाही. केला असता तर बेचाळीस इंच म्हणजे नुसती कापायची रुंदी, यंत्र त्याहून रुंद, बाजूचं झाकण आणखी बाहेर, हे कळलं असतं. मी सरळ आत घातला. झाकण एका खांबाला, डेक दुसऱ्याला, आणि मोअर फाटकात बाटलीत बूच बसावं तसा बसला. ना पुढे ना मागे.

मागचं दार उघडलं. डेस भिंतीला हात लावत बाहेर आला.

"कोण आहे?"

"मी. थेल्मा."

"तिथं काय करतेयस?"

"अडकलेय."

"ते दिसतंय," तो म्हणाला. मग थांबला. "म्हणजे, ऐकू येतंय."

मी मोअर बंद केला. फाटकाच्या पलीकडे डेसचं परसू होतं आणि त्यात गवत माझ्या कमरेइतकं. कपडे वाळत घालायच्या खांबाच्या फक्त दांड्या वर दिसत होत्या. जुन्या कप्तानाच्या घरामागे! मधोमध कोंबड्यांच्या खुराड्याकडे जाणारी एक पायवाट होती आणि तिच्या कडेनं गुडघ्यांच्या उंचीवर दोरी बांधलेली होती.

"डेस, तुला किती दिसतं?"

"कडेकडेचं दिसतं," तो म्हणाला. "मधलं नाही. तू आत्ता मला एक हॅट आहेस."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली असतील. माझ्या पर्थच्या मुलीला सांगू नकोस. तिनं पण माझ्यासाठी एक घर बघून ठेवलंय, दोन खोल्यांचं."

"फरशी आहे पुढे?"

"फरशीच फरशी."

मोअरवरून उतरायला जागा नव्हती, म्हणून मी तशीच बसून राहिले. त्यानं स्वयंपाकघरातून चहा आणला, निम्मा बशीत सांडलेला, आणि इंजिनाच्या झाकणावरून माझ्या हातात दिला.

"क्लॅरी काय म्हणाला होता तुला?" मी विचारलं.

"काही नाही. एका शनिवारी परसात मोअरचा आवाज आला. मी बाहेर आलो तर हा कापतोय. त्यानं काही विचारलं नाही, मी काही बोललो नाही. पुढच्या शनिवारी मी तुमच्या टाकीवर अंडी ठेवली."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं. एकदा म्हणाला, तुझं फाटक अरुंद आहे. बास."

"मग सांगायचं नाही का मला?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे! अंडी तर तूच खायचीस! परवा तू ते पाच तास विचारलेस तेव्हा कळलं, त्यानं घरी सांगितलंच नाही म्हणून."

"आणि मग मला सेहेचाळीस घे म्हणून सांगत होतास?"

डेसनं स्वतःचा कप खांबावर ठेवायला हात पुढे केला. खांब चार बोटं बाजूला होता. मी कप धरला. "मोठा असला म्हणजे इथं शिरणार नाही," तो म्हणाला. "म्हणजे तू आत येणार नाहीस, आणि हे बघणार नाहीस."

"कौन्सिलच्या माणसानं बघितलं असतं."

"हो. रोज रात्री तेच डोक्यात असायचं."

दुपारी केलीन आली. तिनं फाटकात अडकलेला मोअर बघितला, मला बघितलं, गवत बघितलं आणि तोंडातून एक शब्द काढला जो शाळेच्या कँटीनमध्ये चालला नसता. बिजागऱ्या खोलून तो बाहेर काढायला तासभर गेला. नारिंगी रंगावर दोन ओरखडे. खांबांवर आता लालच्या शेजारी नारिंगी.

मी टेप मागितली. दोन खांबांमधलं अंतर एकोणचाळीस इंच.

"अच्छा, म्हणून ती तार," केलीन हळूच म्हणाली.

"तीस इंची," मी म्हणाले. "पण झाकण तारेनं बांधायला लागणार नाही असा."

"मागून गवत टाकणारा आहे एक. छत्तीस इंचांत मावतो. पण मिसेस ट्रँटर, दुसऱ्याच्या फाटकासाठी लहान मोअर कशाला घेता? खांबच हलवला तर? माझ्याकडे माणूस आहे, अर्ध्या दिवसाचं काम."

मी डेसकडे पाहिलं. डेस माझ्या हॅटच्या दिशेनं पाहत होता. खांब हलवायचा म्हणजे कुणीतरी विचारणार, कशाला हलवला? आमच्या गावात खांब हलवला की दहा जण चहाला येतात.

"तीसच दे," मी म्हणाले.

रात्री मात्र मला क्लॅरीचा राग आला. नऊ वर्षं! एवढंसं सांगायला काय झालं होतं? मी डेसचं नाव गावभर केलं असतं का? केलं असतं का, याचा मी खरोखर विचार केला. जुन्या कपड्यांच्या दुकानात शनिवारी आम्ही सहा जणी असायचो आणि गठ्ठे सोडता सोडता गाव उलगडायचो. मी एकीला सांगितलं असतं, फक्त एकीला. उठून पाणी प्यायले आणि झोपले.

चर्चच्या दुकानातली माझी पाळी मी शनिवारऐवजी बुधवारी करून घेतली. शनिवारी आठला बसू लागले. लहान डेक सेप्टिकच्या उंचवट्यावरून नीट चढतो, उतरतो. खळग्यातलं गवतही खाली येतं. लिंबाची साल भरत आली. माझं आवार अडीच तास, डेसचं परसू दीड, रस्त्याकडेचे पट्टे एक. पहिल्या शनिवारी डेसच्या परसातलं गवत मोअरला ऐकेना, तेव्हा मी आधी वडिलांच्या जुन्या विळ्यानं ते कापलं आणि मग मोअरच्या चार खेपा घातल्या. दुसऱ्या शनिवारी टाकीच्या कट्ट्यावर आइस्क्रीमचा डबा होता. आम्ही त्यावर काही बोललो नाही. डिसेंबरात कौन्सिलचा माणूस दोन्ही घरांवरून न थांबता पुढे गेला.

लिनेट ख्रिसमसच्या आदल्या दिवशी आली. गाडीतून उतरली ती आत आलीच नाही, आवाराची फेरी मारून आली. शेडमागेसुद्धा गेली. कुठे दांडगं गवत सापडतं का ते बघत होती, मला माहीत आहे, मीही तेच केलं असतं.

"तू कापलंस?"

"मी."

"किती वेळ लागतो?"

"आठला बसते, एकला उतरते."

"पाच तास! किती इंची दिला त्यांनी तुला?"

"तीस."

"आई, तुला फसवलंय! मी वाचलंय, एवढ्या आवाराला बेचाळीस तरी लागतो. तीस इंचानंसुद्धा अडीच तासांच्या वर लागायलाच नको."

"असं म्हणतात खरं."

"मग पाच कसे लागतात?"

"तुझ्या बापाला आठ लागायचे," मी म्हणाले. "मी त्याच्यापेक्षा फास्ट आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. कानांत, मानेवर, सगळीकडे माझ्या गवताचा भुसा होता, कारण सकाळीच मी एक हात फिरवला होता. शेवटी ती हसली. आत जाऊन तिनं फ्रिजवरचा कागद काढला. फाडला नाही. चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये तळाशी घातला. माझी मुलगी आहे ती.

मग ती अंड्यांच्या पांढऱ्याचा पाव्हलोव्हा केक करायला बसली आणि सहाच्या सहा अंडी फोडली.

"ही दुकानातली नाहीत," पिवळं वेगळं करता करता ती म्हणाली. "बलक बघ कसा आहे. कुणाची आहेत?"

"कोंबड्यांची," मी म्हणाले.

एवढं बोलले आणि मला क्लॅरीचा आवाज ऐकल्यासारखं झालं. असंच उत्तर तो द्यायचा, अगदी असंच. आणि मी त्यावर पुढे कधी विचारलं नव्हतं.

लिनेट परत गेली. मी अजून त्या घरात आहे आणि शनिवारी मोअरवर असते. पण एक गोष्ट मला कळत नाही. माझं अडीच, डेसचं दीड, पट्ट्यांचा एक. झाले पाच. क्लॅरी साडेसात तास कापायचा. मी कितीही सावकाश चालवलं, मॅगपायशी बोलत थांबले, तरी एक वाजताच संपतं. अजून अडीच तास कुठले तरी उरतात. आमच्या रस्त्यावर अकरा घरं आहेत. संध्याकाळी फिरायला जाताना मी टेप एप्रनच्या खिशात टाकते, आणि कुणाचं बाजूचं फाटक दिसलं की जरा वाकून खांब बघते, कुठे लाल दिसतोय का.